मांत्रिकाचा हिशेब आणि कालामांची शंका



प्रस्तुत लेखाची सुरुवात दोन सर्पदंशांनी करतो. दोन्ही आमच्याच वाडीतले आणि दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत घडलेले.

पहिला माझ्या चुलत्यांना झाला. भातकापणीचे दिवस होते. पेंढ्या उचलताना हाताला काहीतरी चावले. साप कोणता हे कोणी पाहिले नाही. त्यांना खाडीपलीकडच्या एका मांत्रिकाकडे नेले. त्याने पाणी मंत्रून दिले, कडुनिंबाच्या डहाळीने झाडले, रात्रभर जागविले आणि पहाटे सांगितले, "ईख उतारला. आता भियाव नकात." काका चालत घरी आले आणि पुढे बत्तीस वर्षे जगले. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या माणसाचे नाव आदराने घेतले जाई.

दुसरा दंश त्यानंतर काही वर्षांनी झाला. शेजारचा मुलगा सातवीत होता. जमिनीवर चटई टाकून झोपला होता. पहाटे पोटात दुखते म्हणून उठला. अंगावर जखम दिसत नव्हती, सूजही नव्हती. घरच्यांना वाटले, अजीर्ण झाले असेल. मग कोणीतरी चटईखाली मण्यार पाहिली. आम्ही चौघांनी त्याला उचलून त्याच मांत्रिकाकडे नेले. त्या चौघांत मी होतो. तेव्हा मी मॅट्रिक झालो होतो, हे मुद्दाम सांगतो. मांत्रिकाने तेच पाणी, तीच डहाळी वापरली. मुलाच्या पापण्या जड होऊ लागल्या. "ईख उतारता, म्हणान झोप येता," असे तो म्हणाला. आम्हाला बरे वाटले. दुपारच्या आत मुलगा गेला.

आमच्या वाडीने धम्मदीक्षा घेऊन तेव्हा बरीच वर्षे लोटली होती. ज्या घरातून त्या मुलाला उचलले, त्या घराच्या भिंतीवर परमपूज्य बाबासाहेबांचा फोटो होता. बावीस प्रतिज्ञा आम्हा सर्वांना पाठ होत्या. पण मुलगा गेल्यावरही त्या मांत्रिकाचे नाव कमी झाले नाही. लोक म्हणाले, "वेळ भरली होती." काका वाचले ते मंत्राने आणि मुलगा गेला तो वेळ भरली म्हणून, असा तो हिशेब होता. असा हिशेब शहाणी, कष्टाळू, प्रेमळ माणसे का मांडतात, हा प्रश्न मला तेव्हापासून सुटलेला नाही. "लोक अडाणी आहेत" हे त्याचे उत्तर नव्हे, एवढे मात्र मला आता समजले आहे.

प्रथम मांत्रिकाचे यश कशावर उभे असते ते पाहू. आपल्याकडे दिसणाऱ्या सापांपैकी बहुसंख्य बिनविषारी असतात. धामण, दिवड, कवड्या, नानेटी हे चावले तरी माणूस मरत नाही. विषारी सापांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य. पण विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी पुरेसे विष अंगात जातेच असे नाही. कित्येकदा दात लागतात आणि विष उतरतच नाही. फुरसे तर आपल्या कोकणात इतके की, ब्रिटिश अमदानीत जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात त्याला मारण्यासाठी सरकारने बक्षीस लावले होते. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती जाते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते, पण हे घडायला तास, कधी दिवस लागतात आणि काहीजण उपचाराविनाही तगतात. आता या सगळ्या माणसांना मांत्रिकाकडे न्या. काहीही न करता त्यांतील बहुतेक घरी परततील. म्हणजे मांत्रिकाच्या जागी आंब्याचे झाड ठेवले तरी झाडाची कीर्ती पंचक्रोशीत पसरेल! जो वाचतो तो आयुष्यभर गोष्ट सांगतो. जो मरतो त्याला गोष्ट सांगता येत नाही.

विहिरीसाठी पाणी दाखविणाऱ्यांचेही असेच आहे. तळहातावर नारळ आडवा ठेवून माणूस जमिनीवरून फिरतो, एका जागी नारळ उभा राहतो आणि तेथे खणायचे ठरते. पाणी लागते. का लागणार नाही? आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र दगड आहे, त्यातून पाणी झिरपते आणि डोंगराच्या पायथ्याशी, सखल भागात ते साठते. नारळवाल्याला गावची जमीन चांगली ठाऊक असते. तो मुद्दाम लबाडी करतो असेही नाही. मनात जी अपेक्षा असते तिच्याप्रमाणे हाताचे स्नायू नकळत हलतात आणि त्याचे त्यालाही कळत नाही. खरी परीक्षा एकच. त्याने "येथे पाणी नाही" म्हणून सांगितलेल्या जागीही खणून पाहावे. पण तसे पैसे खर्चून कोण खणतो? म्हणून ही परीक्षा कधी होत नाही आणि नारळाचा लौकिक टिकून राहतो.

आता विंचवाकडे वळू, कारण तेथे एका डॉक्टरने हा हिशेब खरोखरच तपासला. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. महाड म्हणजे १९२७ साली बाबासाहेबांनी जेथे चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले तेच. त्या भागात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत. काळा विंचू चावला तर वेदना भयंकर होतात, पण त्या काही तासांत आपोआप शमतात आणि श्रेय मंत्राला मिळते. लाल विंचवाचे तसे नाही. त्याच्या विषाने दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय थंड पडतात, रक्तदाब चढतो, मग हृदय दमते आणि फुफ्फुसांत पाणी भरते. वेदना कमी म्हणून धोका कमी, असे येथे नसते. "दुखायचे थांबले" म्हणून मांत्रिकाने घरी पाठविलेले मूल रात्री गुदमरून जाई.

वैद्यकाच्या पुस्तकांतही तेव्हा यावर नेमका उपाय नव्हता. डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाला नोंदी केल्या. १९८२ साली त्यांचे निरीक्षण इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध या दंशावर वापरून पाहिले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीस ते चाळीस दगावत, ते प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मांत्रिकाकडे पिढ्यान्‌पिढ्या हजारो रुग्ण गेले असतील, पण "माझ्याकडे आलेल्यांपैकी किती मेले?" हा प्रश्न त्याने कधी स्वतःला विचारला नाही. डॉक्टरांनी तो पहिल्या दिवसापासून विचारला. दोघांतला फरक पदवीचा नसून या प्रश्नाचा आहे.

येथे त्रिपिटकातील एक उतारा आठवतो. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, काही श्रमण-ब्राह्मण ज्या विद्यांवर पोट भरत त्यांची लांबलचक यादी आहे आणि श्रमण गौतम त्यांपासून दूर राहतो असे सांगितले आहे. त्या यादीत अंगविज्जा म्हणजे शरीरावरील खुणा पाहून भविष्य सांगणे आहे. उंदराने कुरतडलेल्या वस्त्रावरून शकुन पाहणे आहे, लग्नाचे मुहूर्त, ग्रहणांची भाकिते आहेत. अहिविज्जा, विसविज्जा, विच्छिकविज्जा म्हणजे साप, विष आणि विंचू यांच्या विद्याही आहेत. देवपञ्ह, म्हणजे देवाला प्रश्न विचारून उत्तर घेणे, आहे. आणि वत्थुविज्जाही आहे. आज जी वास्तुविद्या म्हणून नव्याने विकली जाते ती अडीच हजार वर्षांपूर्वीच या यादीत जाऊन बसली आहे!

परंतु अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. आपले वक्ते ही यादी "भगवंतांनी खोट्या ठरविलेल्या विद्या" म्हणून वाचतात. ते पूर्ण बरोबर नाही. याच यादीत वमन, विरेचन, शस्त्रक्रिया, बालरोगचिकित्सा यांचाही उल्लेख आहे आणि त्या काही खोट्या नव्हेत. यादी आहे ती भिक्षूने उपजीविकेचे साधन करू नये अशा गोष्टींची, मिच्छा आजीवाची. दुसऱ्याच्या भीतीवर आणि दुखण्यावर आपली चूल पेटवू नये, हा तिचा रोख आहे. मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो.

दुसरी गोष्ट त्याहून अडचणीची आहे, पण ती टाळून चालणार नाही. अंगुत्तरनिकायात एक भिक्खू सर्पदंशाने मरण पावल्याची कथा आहे. तेव्हा तथागतांनी सर्पांच्या चार कुळांविषयी मैत्रीभावना करण्यास सांगितले. तेच पुढे खन्ध परित्त म्हणून संरक्षणासाठी म्हटले जाऊ लागले. मग आपण मांत्रिकाला कोणत्या तोंडाने बोलायचे? याचे उत्तर विनयपिटकात मिळते. सर्पदंशावर भिक्खूला शेण, मूत्र, राख आणि माती हे चार पदार्थ औषध म्हणून देण्याची मुभा महावग्गात आहे. ते त्या काळचे वैद्यक होते. आज कोणी ते करू नये. पण चावलेल्याला त्या काळी उपलब्ध असलेले औषध द्यायचे हा नियम तेथे स्पष्ट आहे. मैत्रीभावनेने मन शांत होते, रक्त गोठत नाही. आपल्याकडे परित्राण पाठानंतर मनगटाला पांढरा धागा बांधतात. त्याला माझा विरोध नाही. मात्र काही घरांत तो धागा तापात मुलाच्या दंडाला बांधून दोन दिवस वाट पाहिलेली मी पाहिली आहे. गंडा काळा असो की पांढरा, ते दोन दिवस परत येत नाहीत.

आता मूळ प्रश्न. माणसे अशा गोष्टींकडे का ओढली जातात?

आपण समुद्राच्या काठचे लोक आहोत, तेव्हा समुद्राचेच उदाहरण घेऊ. मॅलिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने लिहिले की, तेथील कोळी बेटाआतल्या शांत उथळ पाण्यात मासे मारतात तेव्हा मंत्रतंत्र काही करीत नाहीत. तेथे मासळी खात्रीची आणि धोका नाही. तेच लोक खुल्या समुद्रात जातात तेव्हा मात्र विधींवर विधी करतात. माणसे तीच, बुद्धीही तीच, फरक फक्त पाण्यात. जेथे कष्ट आणि कौशल्य यांनी काम होते तेथे माणूस हातांवर विसंबतो. जेथे सर्व करूनही जीव जाऊ शकतो तेथे तो आणखी कशावर तरी विसंबू पाहतो. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारा आणि खोल समुद्रात होडी नेणारा यांच्या मनांत हाच फरक नसेल काय? २००९ च्या नोव्हेंबरात फयान आले, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते येऊन गेले. ज्याने घरातून दर्याकडे पाहत रात्र काढली आहे त्याला "अंधश्रद्धाळू" म्हणून मोकळे होणे सोपे आहे. अर्थात वादळाची पूर्वसूचना आज उपग्रहावरून मिळते, होडी वेळेत परत वळते आणि नारळ कितीही वाहिले तरी ते काम होत नाही, हेही खरेच.

गावातला कौलही असाच समजून घ्यावा लागतो. देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या लावून प्रश्न विचारायचा आणि उजवी पडली की डावी यावरून हो-नाही ठरवायचे. हा नाणे उडविण्याचाच प्रकार आहे. पण दोन भाऊबंदांचा तंटा त्याने मिटतो तेव्हा कोणाचाच शब्द खाली पडत नाही, ही त्यातली सोय आहे. आचऱ्याला रामेश्वराचा कौल घेऊन तीन दिवस, तीन रात्री सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर राहायला जातो, त्या गावपळणीला मी तरी हसत नाही. कोणाचे नुकसान न करणारी जुनी चाल आणि आजाऱ्याला दवाखान्यापासून अडविणारी चाल, या दोन्हींना एकाच शब्दाने झोडपले की लोक आपले ऐकेनासे होतात. आमच्या पिढीच्या कार्यकर्त्यांची ही चूक झाली. गावरहाटीत आपल्या माणसांच्या वाट्याला मान नव्हे, ओझे आले. म्हणून आपण ती सोडली हे योग्यच झाले. परंतु देवचाराची भीती प्रतिज्ञेबरोबर घराबाहेर गेली नाही. ती रात्रीच्या वेळी, मुलाचा ताप उतरत नाही तेव्हा, परत येते.

भविष्य सांगणाऱ्यांकडे माणसे जातात त्याचे कारण आणखी वेगळे आहे. १९४८ साली फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले. ते किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग त्याने सांगितले की, सर्वांना एकच वर्णन दिले होते आणि ते बाजारातील भविष्याच्या पुस्तकावरून जुळविलेले होते. "तुम्ही दुसऱ्यांसाठी झिजता, पण तुमची कदर होत नाही," हे वाक्य आपल्या जिल्ह्यात कोणालाही सांगून पाहा. मान हलविणार नाही असा माणूस सापडायचा नाही.

महाराष्ट्रात २००८ साली डॉ. जयंत नारळीकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने पुण्याला फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळांवरून पत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका दिल्या आणि एवढेच विचारले की यातील कोणती पत्रिका हुशार मुलाची आणि कोणती मतिमंदाची. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. सरासरी शेकडा ४६ उत्तरे बरोबर आली. सर्वांत यशस्वी ज्योतिषाची चाळीसपैकी चोवीस बरोबर आली. एका ज्योतिष संस्थेने सर्व दोनशे पत्रिका तपासल्या, तिची १०२ बरोबर निघाली. नाणे उडविले असते तरी शंभरच्या आसपास आली असती. या निकालाने किती ज्योतिषांची दुकाने बंद झाली? माझ्या माहितीत एकही नाही. ग्राहक तेथे उत्तर बरोबर येते म्हणून जात नाही, कोणीतरी केवळ त्याच्याविषयी अर्धा तास बोलते म्हणून जातो.

शिकलेल्या माणसांविषयीही लिहिले पाहिजे, नाहीतर हा लेख गरिबांना उपदेश करणारा होईल. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी बातमी दिल्लीतून निघाली आणि संध्याकाळपर्यंत देशभर रांगा लागल्या. रांगांत पदवीधर होते, अधिकारी होते. दुधाचा पृष्ठताण आणि केशाकर्षण यामुळे चमच्यातले दूध दगडावर ओढले जाऊन पातळ थराने खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखविले. ऑगस्ट २००६ मध्ये मुंबईत माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाले म्हणून लोक ते घाण पाणी प्याले, बाटल्या भरून घरी नेले. त्यात निरनिराळ्या धर्मांचे लोक होते. पावसाळ्यात नदीनाल्यांचे पाणी उतरले की खाडीचा खारटपणा कमी होतो, हे आपल्याकडचे कोणतेही शेंबडे पोर सांगेल.

शिकलेल्यांना देवस्की नको असते. त्यांना "शास्त्र" हवे असते. म्हणून त्यांच्यासाठी तरंग, ऊर्जा, चुंबकीय क्षेत्र, पिरॅमिड असे शब्द वापरलेला माल तयार होतो. विज्ञानाने विजेचे दिवे दिले, रेडिओ दिला. त्याच्या शब्दांना पत आली आणि ती पत उसनी घेऊन धंदा चालतो. विज्ञानाची एक अट मात्र हे लोक कधीच उसनी घेत नाहीत: कोणत्या परिस्थितीत माझे म्हणणे खोटे ठरेल, हे आधी सांगावे लागते. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिर्विज्ञान या नावाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम काढण्याचे ठरविले. शास्त्रज्ञ न्यायालयात गेले, पण २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. १९७६ साली घटनेत घातलेल्या ५१ क कलमाने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे, तेही याच देशात.

आपल्या घरांकडेही एकदा पाहावे. गेल्या काही वर्षांत अनेक बौद्ध कुटुंबांच्या दर्शनी खोलीत पोट सुटलेली, हसरी एक मूर्ती दिसते. दुकानदार तिला "लाफिंग बुद्धा" म्हणून विकतो आणि दाराकडे तोंड करून ठेवल्यास पैसा येतो असे सांगतो. ती मूर्ती तथागतांची नाहीच. ती बुदाई नावाच्या चिनी भिक्खूची आहे. ज्याने दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगालाला आईवडील, गुरू, पत्नी, मित्र यांची सेवा म्हणजेच दिशांची पूजा असे समजावून सांगितले, त्याच्याच नावाने मूर्तीचे तोंड कोणत्या दिशेला हवे याची चर्चा आपल्या घरात व्हावी, हे आश्चर्यच म्हणायचे. नवीन घर बांधताना वास्तुतज्ज्ञाला गुपचूप बोलावणारे समाजबांधव मला ठाऊक आहेत. त्यांना कमी लेखत नाही. आयुष्याची पुंजी घरात ओतल्यावर माणसाला भीती वाटतेच.

आणि येथेच मला मांत्रिकाविषयी थोडे चांगले लिहावे लागते. तो आमच्यासाठी रात्रभर जागला. त्याने काकांचे नाव, घराणे, शेत, सगळे विचारले. "माझ्याच वाट्याला हे का?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर होते. ते चुकीचे होते, पण उत्तर होते. दवाखान्यात डॉक्टर दोन मिनिटे पाहतो आणि चिठ्ठी देतो. आपल्या जिल्ह्यातील माणसाला मोठ्या आजारासाठी वर्षानुवर्षे गोव्याला, बांबोळीला जावे लागले. गाडीभाडे, मुक्काम, बुडालेली मजुरी हे सर्व धरून तो हिशेब करतो आणि मांत्रिक स्वस्त वाटतो. किसा गोतमी मेलेले मूल घेऊन औषध मागत फिरली तेव्हा तथागतांनी तिला "हे अशक्य आहे" म्हणून हाकलले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातून मोहरी आणायला पाठविले. ती घरोघर हिंडली, प्रत्येक घराने तिला आपले दुःख सांगितले आणि मग तिने मूल खाली ठेवले. तिला वेळ दिला गेला. आमच्या निर्मूलनाच्या सभांत आम्ही तो कधी दिला नाही.

कायदा आता आपल्या बाजूने आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत बारा कृत्ये आहेत. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडादोरा करणे हे त्यांपैकी एक आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि दंड पाच ते पन्नास हजार रुपये. ब्रह्मजाल सुत्तातील विच्छिकविज्जा अखेर महाराष्ट्राच्या कायद्यातही आली. पण कायद्याने रोखणाऱ्याला शिक्षा होते. आम्ही चौघे स्वतःहून त्या मुलाला घेऊन गेलो होतो, आम्हाला कोणी रोखले नव्हते.

म्हणून शेवटी केसपुत्त गावच्या कालामांकडे यावे लागते. त्यांच्या गावात एकामागून एक उपदेशक येत आणि आपलेच खरे म्हणत. कालामांनी तथागतांना विचारले, यांतील खरा कोण? आपण हे सुत्त नेहमी सांगतो, पण अर्धेच. परंपरेने आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, एवढे सांगून थांबतो, कारण ते दुसऱ्यांना लागू पडते. त्या दहा कारणांत निव्वळ तर्काला पटते म्हणून मानू नका, हेही आहे. आपल्या आवडत्या मताशी जुळते म्हणून मानू नका आणि सांगणारा आपला आदरणीय गुरू आहे म्हणून मानू नका, हेही आहे. ही शेवटची कारणे आपल्यालाच लागू पडतात. सभेत निळ्या झेंड्याखाली कोणी सांगितले की अमुक चूर्णाने मधुमेह जातो, तर आपण पडताळतो काय? मग काय करावे, याचे उत्तर तथागतांनी लांबलचक दिलेले नाही. ते केल्याने अहित होते की हित, हे स्वतः पाहा आणि सुज्ञ लोक काय म्हणतात तेही पाहा. म्हणजेच किती वाचले आणि किती मेले, दोन्ही मोजा.

त्या मुलाची आई पुढे पुष्कळ वर्षे जगली. एकदा तिने मला विचारले, "तेका डाक्तराकडे नेललो असतो तर वाचलो असतो काय रे?" मण्यारीचे विष श्वासाचे स्नायू बधिर करते. त्या काळी आमच्या खाडीवर पूल नव्हता, दवाखान्यात लस होती की नाही कोण जाणे. "सांगता येत नाही, काकी," असे मी म्हणालो आणि ते खरेच होते. पण पापण्या जड होणे म्हणजे झोप नव्हे, ते विष चढल्याचे लक्षण आहे, हे मला तोपर्यंत कळले होते आणि ते मी तिला सांगितले नाही.

वाचकांनी घरात लिहून ठेवावे असे थोडेसे येथे देतो. साप चावल्यास माणसाला चालवू नये, हातपाय हलू देऊ नये. जखम कापू नये, तोंडाने चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. अंगठी, बांगडी काढावी, कारण सूज येते. चावल्याची वेळ लिहावी. साप पकडण्यात वेळ घालवू नये. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवतात. ते गोठले नाही तर फुरसे किंवा घोणस यांचे विष चढले असे समजतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर लस एकच आहे, त्यामुळे साप ओळखता आला नाही तरी उपचार अडत नाही. रात्री जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी लावून तिची कड अंथरुणाखाली खोचावी, मण्यारीपासून तेवढ्याने पुष्कळ बचाव होतो. विंचू चावल्यावर घाम, उलटी किंवा थंड हातपाय दिसले तर दुखणे थांबण्याची वाट पाहू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक फिरवावा. आणि कोणाला मंत्रच म्हणायचा असेल तर तो गाडीत बसून म्हणावा.